हायड्रोजन सल्फाइड : वासावर विसंबू नका

‘सडक्या अंड्यांसारखा वास येतोच, गळती लगेच कळते.’ किप्स अपरेटसच्या (प्रयोगशाळेत हा गॅस तयार करण्याच्या जुन्या काचेच्या उपकरणाच्या) काळापासून आपल्या प्रयोगशाळांमध्ये हे ऐकवलं जातं. ते साफ चूक आहे. हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहून कमी गॅस असला तरी वास येतो, हे खरं. पण प्रमाण १०० भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांतच नाक बधिर होतं. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि गॅस मात्र वाढतच असतो. ५०० च्या पुढे माणूस कोसळू शकतो. त्याला उचलायला धावलेलाही.

म्हणून भरवसा ठेवायचा तो डिटेक्टरवर. गॅसचा सिलिंडर फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कप्प्यात, साखळीने बांधलेला हवा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि हवेत ४ टक्क्यांच्या पुढे पेट घेतो, त्यामुळे जवळपास ठिणगी नको. सिलिंडरमध्ये तो द्रवरूपात असतो. द्रव संपेपर्यंत दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जवळपास तिथंच राहतो. किती उरलाय ते वजन करूनच कळतं.

अलार्म वाजला की बाहेर पडा. श्वसनयंत्राशिवाय आत परतू नका, सहकारी आत पडलेला असला तरी.