गाऱ्हाणं आणि कुरकुर एक नव्हे

मयताच्या घरी सांत्वनाची प्रार्थना असते. सतरंजीवर बायका, भिंतीकडेच्या खुर्च्यांवर पुरुष, टीपॉयवर गाण्यांच्या पुस्तकांची चळत. प्रार्थना चालू असताना घरची बाई मध्येच हुंदका देते, "देवा, का रे असं केलंस माझं?" लगेच कुणीतरी वडीलधारं माणूस पुढे सरकतं. "असं बोलू नये. देवाला जाब विचारायचा नसतो. इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली, त्यांचं काय झालं ठाऊक आहे ना?" बाई पदर तोंडाला लावून गप्प होते, आणि बाकीच्यांना वाटतं की चला, सावरली.

हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मला राहवत नाही. त्या बाईनं कुरकुर केलेली नसते. तिनं गाऱ्हाणं घातलेलं असतं. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत की एकीमुळे माणसं रानात पडली आणि दुसरीनं स्तोत्रसंहिता भरली. स्तोत्रसंहितेचं हिब्रू नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तुतिगीतं. पण १५० स्तोत्रं उघडून बसा, जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची निघतात. या पुस्तकाला स्तुती असं नाव देणाऱ्यांना त्या विलापाची लाज वाटली नव्हती.

कुरकुर काय असते हे वेगळं सांगायला नको. संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी शिकलंय: मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना लाल समुद्र ओलांडून तीन दिवस झाले नाहीत तोच मारा इथल्या कडू पाण्यावरून सुरुवात, मग भाकरीवरून, मग पुन्हा पाण्यावरून, मग मान्न्याचा, म्हणजे देव रोज आकाशातून देई त्या अन्नाचा, कंटाळा. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात त्याचीच आठवण देऊन ताकीद दिली आहे. ती ताकीद खरी आहे आणि मी ती सैल करू पाहत नाही. ती चुकीच्या माणसाच्या डोक्यावर आपटली जाते, एवढंच माझं म्हणणं.

गोंधळ होतो तो वरवरच्या खुणांवरून. मोठ्यानं बोलली तर कुरकुर, हळू बोलली तर प्रार्थना. 'का' विचारलं तर अविश्वास, 'तुझी इच्छा' म्हटलं तर विश्वास. यातलं काहीच टिकत नाही. रानातले लोकही रडले आणि स्तोत्रं लिहिणारा दावीद राजाही रडला. 'का' तर स्तोत्रांत पानोपानी आहे. या खुणा सोडून द्या.

खरा फरक कुठे आहे ते पाहायचं तर गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय उघडा. दोन्ही गोष्टी एकाच छावणीत, एकाच मान्न्यावरून, शेजारी शेजारी घडतात. लोकांना मांस हवंय. मिसरातले मासे आठवतात, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतो. घराघरातली माणसं आपापल्या डेऱ्याच्या दाराशी बसून रडतायत. "आम्हाला मांस कोण खायला घालील?" परमेश्वराचा कोप भडकतो.

आता त्यांचा पुढारी मोशे काय बोलतो ते ऐका. तो म्हणतो, तू आपल्या दासाचं असं वाईट का केलंस? या लोकांना मी पोटात वाढवलं का, मी यांना जन्म दिला का, की दाईनं तान्हं बाळ वागवावं तसं यांना उराशी धरून नेऊ? हा भार मला एकट्याला झेपत नाही. असंच वागवणार असशील तर मला मारूनच टाक.

लोकांचं बोलणं यापुढे किती साधं होतं! त्यांनी फक्त जेवणाची तक्रार केली. मोशेनं देवावर थेट आरोप केला आणि मरण मागितलं. शब्दांच्या कडकपणावर निवाडा असता तर मोशे आधी जायला हवा होता. पण देव त्याला सांगतो, सत्तर वडील जमव, ते तुझ्याबरोबर हा भार उचलतील. म्हणजे त्याची तक्रार ऐकून घेतली आणि तिच्यावर इलाज केला. लोकांच्या वाट्याला लावे आले, मांस दातांत असतानाच मरी आली, आणि त्या जागेचं नावच 'हव्यासाच्या कबरी' पडलं.

फरक तोंड कुणाकडे होतं याचा आहे. लोक देवाविषयी बोलले, मोशे देवाशी बोलला. तो छावणीत राहणारा देव होता, ढग आणि अग्नी होऊन डोळ्यांसमोर उभा होता, आणि तरी लोक त्याच्याकडे पाठ करून एकमेकांत बोलत होते. १०६व्या स्तोत्रानं हे एका ओळीत पकडलंय: त्यांनी आपल्या डेऱ्यांत कुरकुर केली. डेऱ्यांत, म्हणजे आतल्या आत, कनात ओढून. आणि आत काय बोलत होते तेही मोशेनं अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सांगून ठेवलंय: परमेश्वर आमचा द्वेष करतो, म्हणूनच त्यानं आम्हाला मिसरातून बाहेर काढलं. हे वाक्य त्यांनी देवाला एकदाही तोंडावर विचारलं नाही.

याउलट १०२व्या स्तोत्राच्या मथळ्यात काय म्हटलंय पाहा: ही पीडलेल्या माणसाची प्रार्थना, तो व्याकुळ होऊन आपलं गाऱ्हाणं परमेश्वरापुढे ओततो तेव्हाची. मथळे वाचायचे सोडून पुढे जाणारे लोक मला आवडत नाहीत, ते यासाठी. 'परमेश्वरापुढे' हा शब्द तिथे आहे. गाऱ्हाण्यासाठी तिथे 'सियाख' असा हिब्रू शब्द आहे, आणि त्याच धातूचं क्रियापद ११९व्या स्तोत्रात देवाच्या आज्ञांचं मनन करण्यासाठी वापरलंय. मनात घोळवणं आणि तक्रार बोलून दाखवणं या दोन्हींचं मूळ एकच.

आपल्या मराठीत तर हा फरक शब्दांतच भरलेला आहे. कुरकुर खाटही करते, नवी वहाणही करते. तिला ऐकणारा लागत नाही. गाऱ्हाणं मात्र कुणापुढे तरी मांडायचं, घालायचं, न्यायचं असतं, आणि तेही ज्याच्या हातात काही करणं आहे त्याच्यापुढे. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरली नाही त्याच्याकडे कुणी गाऱ्हाणं घेऊन जात नाही. म्हणून मी 'तक्रार' म्हणत नाही, 'गाऱ्हाणं' म्हणते. जनाबाई विठ्ठलाला शिव्या देते, तुकोबा त्याच्याशी भांडतात, आणि तेव्हा ते त्याच्यापासून दूर गेले असं कुणाही मराठी माणसाला वाटत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो. त्या पुलावरून आलेल्या मंडळीला देवाशी हक्कानं भांडणं परकं वाटावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता १३वं स्तोत्र. जेमतेम सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर?' कोठवर मला विसरणार? कोठवर तोंड लपवणार? कोठवर मी जिवाला घोर लावून घ्यायचा? कोठवर वैऱ्यानं माझ्यावर वरचढ व्हायचं? हाच दावीद पाचव्या वचनात म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. पुष्कळांना वाटतं, आधी अविश्वास होता आणि मग विश्वास आला. मला ते पटत नाही. भरवसा पहिल्या वचनापासून आहे, कारण पहिल्या वचनातच 'हे परमेश्वरा' आहे. विसरलेल्याला विसरलास म्हणून हाक मारतोय, म्हणजे हाक पोचेल हे धरूनच चाललाय.

२३वं स्तोत्र तर सगळ्यांना तोंडपाठ. पण त्यातली एक गोष्ट कॅलेंडरवर छापून छापून दिसेनाशी झाली आहे. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" इथून सुरुवात, तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. तो, तो, तो. मग मृत्युछायेची दरी येते, आणि तिथे 'तो' जाऊन 'तू' येतो: तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात देवाविषयी बोलून भागलं, अंधारात देवाशीच बोलावं लागलं. आणि पुढच्याच वचनात, तू माझ्यापुढे ताट वाढतोस. याच्याशेजारी ७८व्या स्तोत्रातलं रानातल्या लोकांचं वाक्य ठेवा: देवाला रानात ताट वाढता येईल काय? ताट तेच. पण विचारणारे देवाला विचारत नव्हते, देवाबद्दल आपसांत शेरा मारत होते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या ताईचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. प्रार्थनेला आलेल्यांनी तिला तेच सांगितलं, प्रश्न विचारू नकोस. ताई आज्ञाधारक. वर्षभर तिची प्रार्थना नीटनेटकी, छापील झाली. जेवणाआधी आभार, रात्री आभार. एका संध्याकाळी मी तिच्याकडे होते. ती कणीक मळत होती. मळता मळता हात थांबले, पिठानं भरलेल्या मुठी तिनं परातीच्या काठावर टेकवल्या आणि वर बघून ओरडली, "तू दिलंस कशाला मग? दिलंस कशाला? बोल ना!" मी घाबरले. मला वाटलं, झालं, हिचा विश्वास गेला. तिला समजवायला पुढे झाले तर ती म्हणाली, "तू मध्ये बोलू नकोस. मी त्याच्याशी बोलतेय."

आणि त्या वर्षभरात मी काय करत होते? रोज रात्री मामेबहिणीला फोन करून सांगत होते की देवानं ताईवर अन्याय केला, चांगल्यांचंच असं होतं, प्रार्थना करून काय उपयोग. आवाज शांत, भाषा सभ्य. यातला एक शब्दही मी देवापुढे काढला नव्हता. रविवारी उपासनेत उभी राहून मी सगळी गाणी म्हणत होते. डेऱ्यातली मी होते.

इथे एक प्रश्न हटकून येतो, आणि तो रास्त आहे. मग माणसांपाशी मन मोकळं करायचंच नाही का? करायचं. ४४, ७४, ७९, ८० ही स्तोत्रं सगळ्या मंडळीनं मिळून घातलेली गाऱ्हाणी आहेत, ती एकट्यानं कोपऱ्यात म्हणायची नाहीत. मैत्रिणीजवळ रडणं ही कुरकुर नव्हे. ७३व्या स्तोत्रात ते लिहिणारा आसाफ मात्र एक सांभाळतो. दुष्टांचं भलं पाहून त्याच्या मनात जे जे आलं ते सगळं तो लिहितो, पण म्हणतो की मी असंच बोलत सुटलो असतो तर तुझ्या लेकरांचा घात केला असता. हे तो 'तुझ्या' म्हणत, देवालाच सांगतोय. माझं फोनवरचं बोलणं तिथवर कधी गेलंच नाही, ते बहिणीपाशी सुरू होऊन बहिणीपाशीच संपायचं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

दुसरा फरक आठवणीचा, तो छोटा आहे. कुरकुर मागचं खोटं आठवते: मिसरातला कांदा-लसूण आठवतो, विटा पाडण्याची वेठ आणि मुकादमाचा फटका आठवत नाही. गाऱ्हाणं खरं आठवतं आणि तेच देवापुढे ठेवतं, ७७व्या स्तोत्रासारखं.

आणखी एक सवय मोडायला हवी. १३वं किंवा २२वं स्तोत्र वाचायला घेतात आणि दुःखाची वचनं भराभर उरकून शेवटच्या स्तुतीवर येऊन मोठा श्वास घेतात. प्रभू येशूनं वधस्तंभावर २२व्याची पहिली ओळ उच्चारली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ती उरकण्यासाठी नव्हती. सोडून गेलेल्यालाही तो दोनदा 'माझ्या' म्हणतो. साक्ष द्यायला उभं राहणाऱ्याकडून आपण अपेक्षा करतो की शेवट गोड हवा. ८८व्या स्तोत्राचा शेवट गोड नाही. तू माझे सखेसोबती दूर केलेस, असं म्हणून ते संपतं, आणि हिब्रूत अगदी शेवटचा शब्द 'अंधार' हा आहे. पण त्या अख्ख्या स्तोत्रात बोलणाऱ्यानं देवाकडे पाठ केलेली नाही. मी रोज तुला हाक मारतो, पहाटे माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते.

त्याचाही मथळा वाचा. ते कोरहाच्या मुलांचं स्तोत्र आहे. कोरह म्हणजे गणनाच्या सोळाव्या अध्यायातला तोच, ज्यानं मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांच्याविरुद्ध माणसं उठवली, आणि ज्याला मोशेनं सांगितलं की तुमचा जमाव परमेश्वराविरुद्धच उठला आहे. जमिनीनं त्याला गिळलं. दहा अध्याय सोडून, सव्विसाव्यात, एक छोटं वाक्य येतं: तथापि कोरहाचे पुत्र मेले नाहीत. त्याच घराण्याच्या नावावर पुढे ४२वं, ४४वं आणि ८८वं ही स्तोत्रं आहेत.

बाळ जाऊन तीन वर्षं झाली तेव्हा ताईनं घरी प्रार्थना ठेवली आणि मला ८८वं वाचायला सांगितलं. मी शेवटपर्यंत वाचलं, 'अंधार' वर थांबले. पुढे काय म्हणायचं कुणालाच सुचेना. पाळकसाहेब पुस्तक उघडून नुसते बसले होते. बऱ्याच वेळानं ताईच म्हणाली, "आमेन," आणि चहा ठेवायला आत गेली.