मैत्रिणीशी बोलणं आणि समुपदेशकाशी बोलणं

"माझं ऐकून घेणारी माणसं आहेत, मग समुपदेशन कशाला?" वर्षानुवर्षं ताण सोसणारे बरेच जण इथेच अडतात. दोन्हीकडे बोलणंच असतं, म्हणून गल्लत होते.

मैत्रीण बाजू घेते, आणि तिने घ्यावीच. अचानक आलेलं संकट तिच्याजवळ रडून निभावतं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा किंवा न फिटणारं कर्ज असलं, की तेच गाऱ्हाणं रोज उगाळलं जातं. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ अमांडा रोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अडचणी सतत उगाळल्याने जवळीक वाढलेली दिसली, पण मुलींमध्ये उदासी आणि चिंताही जास्त दिसली.

समुपदेशक खोदतो. भेट साधारण ५० मिनिटांची, बहुधा आठवड्यातून एकदा. "सगळं असह्य झालंय" म्हटलं की तो विचारतो, काल नेमकं कधी? मग वहीत चार रकाने आखायचे: प्रसंग, मनात आलेला विचार, शरीरात काय झालं, पुढे काय केलं. आठवडाभराने कदाचित दिसतं, की आईचं करताना जीव जात नाही. भाऊ "या वेळी जमणार नाही" म्हणतो आणि आपण "असू दे" म्हणतो, तेव्हा जातो. मग "रविवारी तू ये, मी नसेन" हे वाक्य तिथेच मोठ्याने म्हणून बघायचं. पहिल्यांदा आवाज हमखास कापतो.

पहिल्या भेटीत मागचं सगळं उकरलं जातं, त्यामुळे येताना जड वाटतं आणि अनेक जण परत जातच नाहीत. तीन-चार भेटी द्या, मग "उपयोग होत नाहीये" हे तोंडावर सांगा. चांगल्या समुपदेशकाला त्याचा राग येत नाही. दहाव्या मिनिटाला सल्ला देणारा किंवा स्वतःच्याच कहाण्या सांगणारा मात्र खुशाल बदला. बोलणं गुप्त राहतं, पण जिवाला धोका असेल तर अपवाद होतो. हे त्याने सुरुवातीलाच सांगायला हवं; नाही सांगितलं तर विचारा.

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. औषधाची गरज ते ठरवतात. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. अशा वेळी मैत्रिणीला फोन करायचा तो बोलण्यासाठी नव्हे, सोबत चल म्हणण्यासाठी.