गेजवरचं शून्य म्हणजे शून्य नव्हे

मोटारीच्या टायरात ३२ पीएसआय (चौरस इंचामागे इतके पौंड, हे दाबाचं माप) हवा भरायची सवय असलेला माणूस यूटीव्हीच्या टायरातही तेवढीच हवा ठासतो. टणक टायर जास्त टिकतो, ही त्यामागची समजूत. यूटीव्ही म्हणजे वाळू, चिखल, दगडधोंड्यांतून हाकायची ती जाड टायरांची उघडी चारचाकी. तिच्या टायरांना साधारण १० ते २० पीएसआय दाब पुरतो. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वेगळा. ती कमाल मर्यादा असते, पण अनेक जण तीच गाठायला निघतात.

टणक टायराने काय बिघडतं? समजा एका चाकावर २२५ किलो भार आहे. हा भार बराचसा आतल्या हवेनेच पेलायचा असतो, म्हणून भार भागिले दाब केलं की जमिनीला टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने मिळतं. १२ पीएसआयला ते सुमारे २७० चौरस सेंटिमीटर भरतं, ३० पीएसआयला जेमतेम १०७. तोच भार निम्म्याहून कमी जागेवर आला की वाळू बाजूला सरकते, चाक रुततं आणि मग स्वतःच खणलेल्या खड्ड्यातून चढत राहतं. मऊ जमिनीत चाक किती रुतेल याचं गणित पोलिश अभियंते एम. जी. बेकर यांनी मांडलं. १९७१ साली अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीच्या रचनेतही त्यांचा वाटा होता. तिच्या चाकांत हवा नव्हतीच, पोलादी तारांची जाळी होती. ती भाराखाली दबायची आणि टेकण्याची जागा वाढवायची. (उथळ चिखलाखाली कडक तळ असेल तर उलट अरुंद चाकच बरं, ते चिखल कापून तळ गाठतं.)

आता माझ्या आवडीचा भाग. टायरचा दाब मोजायचं उपकरण, म्हणजे गेज, आतला एकूण दाब दाखवत नाही, आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं. सपाट पडलेल्या टायरावर काटा शून्यावर असतो, तरी आत वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय दाब असतोच. शाळेत शिकलेला नियम, आकारमान तेच राहिलं तर वायूचा दाब निरपेक्ष (म्हणजे केल्विनमध्ये मोजलेल्या) तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हा लागू होतो तो या एकूण दाबाला. गेजच्या आकड्याला नाही.

करून बघा. दुपारी ३५ अंश सेल्सियस, म्हणजे ३०८ केल्विन. वाळवंटातल्या पहाटे ५ अंश, म्हणजे २७८. गुणोत्तर ०.९०. मोटारीचा टायर ३२ वर होता, म्हणजे एकूण ४६.७. त्याचे झाले ४२.१, त्यातून १४.७ वजा करा, गेजवर उरले २७.४. घट १४ टक्के. यूटीव्हीचा टायर १० वर होता, एकूण २४.७. त्याचे २२.३, गेजवर ७.६. घट २४ टक्के. आणि वाळूसाठी हवा सोडून कुणी ५ वर आणली असेल, तर पहाटे ३.१ उरेल. घट ३८ टक्के! तापमानातला फरक तोच, हवा तीच, गळती कुठेही नाही. वजाबाकी ठरावीक असल्यामुळे ज्याच्याकडे मुळात थोडं त्याचंच प्रमाणात जास्त जातं. इतक्या कमी दाबावर जोरात वळण घेतलं तर टायरची कड रिमवरून निसटू शकते.

उंचीचं गणित याच्या उलट. दीड हजार मीटर वर गेलात की बाहेरचा दाब सुमारे २.४ पीएसआयने उतरतो, त्यामुळे आत काहीही न बदलता गेज १० ऐवजी १२.४ दाखवतं. अर्थात वर थंडीही असते आणि ती यातलं थोडं परत घेते.

म्हणूनच १०० पीएसआयपर्यंतचं गेज इथे कुचकामी. पूर्ण मोजपट्टीच्या दोन टक्के चूक म्हणजे २ पीएसआय. दहाच्या टायरात तो पाचवा हिस्सा झाला. २० पर्यंतचंच गेज घ्यावं आणि गाडी चालवण्याआधी, टायर थंड असतानाच मोजावं.

‘नायट्रोजन भरा, दाब बदलणारच नाही’ असं सांगणारे भेटतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि वरचा नियम वायूचं नाव विचारत नाही. कोरडा नायट्रोजन रबरातून किंचित सावकाश झिरपतो आणि सोबत बाष्प आणत नाही, एवढंच. पहाटेची घट त्यालाही चुकत नाही.

वाळूसाठी कमी केलेला दाब कडक रस्त्यावर येताना पुन्हा भरायचाच. ताशी ४० किलोमीटरला २७ इंची टायर मिनिटाला तीनशेहून जास्त वेळा फिरतो. दर फेऱ्याला प्रत्येक भाग चेपतो आणि उलगडतो. रबर चेपायला लागलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, काही उष्णता म्हणून आतच राहते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. हवा कमी तेवढं चेपणं जास्त, आणि रबर उष्णतेचं मंदवाहक. थर आतल्या आत सुटू लागतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

चारही टायरांचा घेर सारखा असू द्या. फोर-व्हील ड्राइव्ह जोडलेली असताना लहान-मोठ्या घेरांची ओढाताण गिअर आणि शाफ्टवर येते.

पहाटेची घट वरच्या गणितात बसली तर पंक्चर शोधू नका. त्याहून जास्त असेल तर साबणाचं पाणी घ्या आणि आधी वाल्व्ह, मग रिमची कड बघा. कमी दाबावर तिथे वाळूचे कण शिरतात आणि हवा हळूहळू गळते. तळाच्या नक्षीत भोक सापडलं तर स्ट्रिप, म्हणजे भोकात ठासायची चिकट पट्टी, मारून काम भागतं. बाजूला असेल तर नाही. सगळ्यात जास्त वाकणारा भाग तोच, तिथे स्ट्रिप टिकत नाही, टायरच बदलावा लागतो.