जुन्या गाडीचे हेडलाइट वाढवायचे आहेत? परवानगी कशाला लागते, कशाला मिळत नाही, आणि पंधरा वर्षांच्या पासिंगला काय पाहतात

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीच्या आतल्या रस्त्यांवर रात्री जुन्या गाडीचा उजेड पुरत नाही, ही तक्रार खरीच आहे. कापसाच्या दिवसांत रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या आणि बंड्या रस्त्यावर असतात. रोही किंवा रानडुक्कर केव्हा आडवं येईल याचा नेम नसतो. मग माणूस कार डेकोरच्या दुकानात जातो आणि पांढरेशुभ्र एलईडी बल्ब, नाहीतर बंपरवर लाइटबार लावून येतो. पण उजेड वाढवण्याच्या काही कामांना अर्जच लागत नाही, आणि काही कामं कितीही अर्ज केले तरी नियमात बसत नाहीत.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. रंग, इंधन, इंजिन या गोष्टी आरसीवर असतात. सीएनजी किट बसवायचं असेल तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद, दोन्ही लागतात. हेडलाइटचा बल्ब आरसीवर नसतो. त्यामुळे जुना बल्ब काढून त्याच प्रकारचा, तेवढ्याच वॅटचा नवा लावायला कुणाला विचारावं लागत नाही. जुन्या बऱ्याच गाड्यांत एचफोर हॅलोजन असतो, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. आकडा बल्बच्या बुडावर कोरलेला असतो, तो वाचूनच नवा घ्या.

पण आरसीवर नाही म्हणून काहीही लावता येतं, असं नाही. दिव्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ वेगळे लागू होतात. नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत खाली वळवता आला पाहिजे. ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या समोरच्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. नियम १११ प्रमाणे गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला बंदी आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊनच तो लावता येतो. रात्री वावरात मोटर सुरू करायला जायचं असतं, एवढ्या कारणावर लाइटबारला अशी परवानगी मिळेल, असं मी तरी धरून चालणार नाही. नियमात न बसणारे सुटे भाग लावून गाडीत बदल केला तर कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. दुकानदार हे सांगत नाही, आणि चालान मालकाच्या नावावर येतं.

हा नियम उगाच केलेला नाही. हॅलोजनच्या हेडलाइटमधला आरसा बल्बातल्या बारीक तारेच्या जागेवरून आखलेला असतो. उजेड तिथूनच निघाला तर झोत रस्त्यावर पडतो आणि डिपरला वरची कड स्वच्छ कापली जाते. त्याच घरात एलईडी किंवा झेनॉन बसवलं की उजेड वेगळ्या जागेवरून, वेगळ्या आकारात निघतो. कड पसरते आणि डिपर मारूनही झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालवणाऱ्याला बोनेटपुढचा तुकडा झगझगीत दिसतो म्हणून बरं वाटतं, पण खरी गरज असते त्या लांबच्या अंतरावर बऱ्याचदा उजेड वाढलेला नसतो. अरुंद रस्त्यावर समोरून येणारा दुचाकीवाला क्षणभर आंधळा होतो, आणि नेमका त्याच क्षणी त्याला साइडपट्टीवर उतरायचं असतं. हे फार वाईट आहे. दंडापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.

१००/९० वॅटचा बल्बही घेऊ नका. त्याने जुनी वायर आणि होल्डर वितळतात.

कायद्यात राहून उजेड वाढतो, आणि चांगला वाढतो. पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या. आतला आरसा काळवंडला असेल तर कंपनीचा नवा हेडलाइटच बसवा. मग वायरिंग पाहा. जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. व्होल्टेज दहा टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्के घटतो. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून फ्यूजसकट रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा वेगळा स्विच) बसवून घेतला की तोच ६०/५५ चा बल्ब नव्यासारखा पेटतो. शेवटी दिव्याची उंची लावा. सपाट जागी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. डिपरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे.

हे सगळं पासिंगच्या आधी करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि नूतनीकरणाआधी मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो, त्यात दिवेही येतात. लाइटबार दिसला तर तो काढून आणायला सांगून परत पाठवू शकतात. भामरागडहून गडचिरोली किंवा धारणीहून अमरावती असा एक हेलपाटा म्हणजे अख्खा दिवस जातो. तालुक्याला आरटीओचा कॅम्प असतो, पण तिथे त्या दिवशी पासिंग होणार की फक्त लायसन्सचं काम, हे आधी विचारून घ्या.

अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नूतनीकरणाची सेवा निवडायची, शुल्क भरायचं आणि तपासणीची तारीख घ्यायची. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवरच येतो, तेव्हा जुना नंबर बंद असेल तर आधी तो बदला. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पर्यावरण कर भरल्याची पावती, ओळख व पत्त्याचा पुरावा ठेवा. थकलेली चालानं भरून टाका. चारचाकीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० केलं गेलं. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये वाढतात.

गावाकडे एक अडचण नेहमी येते, ती म्हणजे गाडी अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असते. अशा वेळी आधी नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून. नियमाप्रमाणे मृत्यूची माहिती ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते आणि अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. नाव लागलं की मग नमुना २५. तपासणीत गाडी पास झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते, आणि ती पाच वर्षं संपली की दिव्यांसकट तीच तपासणी पुन्हा.