जमत नाही की नकोसं वाटतं?

कॉटवरचे सत्तरीतले आजोबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवत नाहीत, झोपत नाहीत, बोलत नाहीत. "हृदय कमजोर झालंय, असं व्हायचंच," म्हणत राउंड पुढे सरकतो. घोटाळा इथेच होतो. थकवा, मोडलेली झोप, मेलेली भूक ही जुनाट हार्ट फेल्युअरची लक्षणं आहेत आणि नैराश्याचीही.

झोपेचंच घ्या. हृदय कमी पडतं तेव्हा आडवं झालं की फुप्फुसांवरचा दाब वाढतो. माणूस उशीवर उशी रचतो, मध्यरात्री गुदमरून उठतो आणि थोडा वेळ बसून राहिला की त्याला बरं वाटतं. नैराश्यात बरेचदा पहाटेच जाग येते. श्वास ठीक असतो, पण डोक्यात तेच ते विचार फिरत राहतात आणि उठून बसल्यानं ते थांबत नाहीत. भुकेचंही तसंच. पोटात पाणी साचलं की दोन घासांतच पोट भरतं. नैराश्यात मुळात घास उचलावासाच वाटत नाही.

तरी मला सगळ्यात बोलकी वाटते ती नातवाच्या भेटीची वेळ. नुसता दम लागलेला माणूस हातानंच "बस इथे" म्हणतो, डोळे हसतात. नैराश्यातला म्हणतो, "कशाला आलास? मी तुम्हाला ओझंच."

नैराश्य तपासणाऱ्या प्रश्नावल्याही जपूनच वापराव्या लागतात. पीएचक्यू-९ मध्ये 9 प्रश्न आहेत. त्यांतले झोप, थकवा आणि भूक यांचे गुण एकट्या हृदयामुळेही वाढू शकतात. ज्येष्ठांसाठीच्या जीडीएस-१५ मध्ये हो-नाही असे 15 प्रश्न असतात आणि त्यांचा रोख शरीरापेक्षा मनाकडे असतो. वॉर्डात मला हीच बरी वाटते.

लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरली, दम गेला, तरी चेहरा तसाच? मग नैराश्याकडे नीट बघायला हवं. हार्ट फेल्युअरच्या साधारण दर पाच रुग्णांत एकाला ते असतं, म्हणजे दोन्ही एकत्र असणं काही नवल नाही. पण लगेच गोळी लिहून मोकळं होण्याइतकं हे सोपं नाही. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर 2010 मध्ये सर्ट्रालिनची आणि 2016 मध्ये एसिटालोप्रामची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधं नैराश्य कमी करण्यात औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. 2015 च्या एका चाचणीत विचार-वर्तन उपचारांनी मात्र मन सावरलं. शिवाय नैराश्याच्या या गोळ्या लघवीच्या गोळ्यांबरोबर दिल्या तर म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं.

आणखी एक तोतया आहे. काल गप्पा मारणारे आजोबा आज अचानक गप्प, मधेच शुद्धीत, मधेच गुंगीत, आठवड्याचे वार उलटे म्हणता येत नाहीत. याला उदासी समजू नका. हा डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ, असू शकतो. डॉक्टरांना त्याच तासाला बोलवा.