तळहाताची टर्की आणि मक्याचे पाच दाणे

नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या रविवारी, थँक्सगिव्हिंग या आभार मानण्याच्या सणाच्या सुमारास, अमेरिकेतल्या कितीतरी चर्चच्या संडे स्कूलमध्ये एकच काम चाललेले असते. मूल तपकिरी कागदावर डावा तळहात पसरून ठेवते आणि उजव्या हाताने बोटांच्या कडेकडेने पेन्सिल फिरवते. हात उचलला की कागदावर टर्की पक्षी उमटलेला असतो. अंगठा म्हणजे मान आणि डोके, चार बोटे म्हणजे पिसारा. अंगठ्याला डोळा काढायचा, चोच काढायची, गळ्याखाली लाल रंग द्यायचा. मग एकेका पिसावर एकेक गोष्ट लिहायची, जिच्याबद्दल देवाचे आभार मानायचे आहेत. आई, बाबा, घर, कुत्रा. कुठे भिंतीवर कागदी झाड लावतात आणि मुले त्याला आभाराची पाने चिकटवतात. कुठे प्रत्येकाच्या ताटलीत मक्याचे पाच दाणे ठेवतात आणि एकेक दाणा उचलत पाच उपकार आठवायला सांगतात.

मी मराठी मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मुलांना शिकवते. इंटरनेटवरून छापून घेतलेली ही चित्रे आता आमच्याही वर्गात येतात, म्हणून ती आली कुठून हे मला नीट समजून घ्यावेसे वाटले. आपल्या भाषेत ‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थच ‘केलेले जाणणारा’ असा आहे. कोणी काय केले हे माहीतच नसेल, तर मुलाने आभार मानायचे कोणाचे?

संडे स्कूल आणि थँक्सगिव्हिंग यांच्या वाटा सुरुवातीला अगदी वेगळ्या होत्या. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स हे वृत्तपत्र चालवत. तिथली गरीब मुले आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यांत राबत. मोकळा दिवस एकच, रविवार. 1780 मध्ये रेक्स यांनी पगारी बाई नेमून या मुलांना रविवारी वाचायला शिकवणे सुरू केले. बायबल हेच वाचनाचे पुस्तक होते. म्हणजे संडे स्कूल आधी खरोखरीची शाळा होती, कामकरी मुलांची. फिलाडेल्फियात 1790 मध्ये अशाच शाळांसाठी संस्था स्थापन झाली आणि 1824 मध्ये ‘अमेरिकन संडे स्कूल युनियन’ उभी राहिली. पुढे सरकारी शाळा वाढल्या, अक्षरओळखीचे काम त्यांनी उचलले आणि रविवारच्या वर्गाकडे धर्मशिक्षण तेवढे उरले. 1872 मध्ये सगळ्या मंडळ्यांनी एका रविवारी एकच पाठ घ्यायचा, अशी समान पाठमाला ठरली.

थँक्सगिव्हिंगची वाट मात्र उपासमारीतून निघते, आणि मुलांना सांगताना नेमकी तीच गाळली जाते.

1620 च्या अखेरीस ‘मेफ्लॉवर’ जहाजातून 102 प्रवासी आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर आले. पहिल्या हिवाळ्यात थंडी, स्कर्व्ही आणि तापाने त्यांतले जवळजवळ निम्मे मेले. त्यांनी जिथे वस्ती केली, त्या जागेचे नाव पटक्सेट. तिथे आधी वाम्पानोआग या मूळ रहिवाशांचे गाव होते. युरोपातल्या जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते काही वर्षांपूर्वीच ओस पडले होते. साफ केलेली शेते तयार होती. ती कसणारी माणसे उरली नव्हती.

1621 च्या शरद ऋतूत पीक हाती आल्यावर तीन दिवस मेजवानी झाली. तिचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन एकच आहे, वस्तीतल्याच एडवर्ड विन्स्लो यांच्या त्या डिसेंबरमधल्या पत्रातले, आणि तेही मोजक्या ओळींचे. चौघांनी रानपक्षी मारून आणले, वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसे घेऊन आला, त्या माणसांनी पाच हरणे मारून आणली. पत्रात टर्कीचे नाव नाही आणि ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्दही नाही. इंग्रज तेव्हा जेमतेम पन्नास उरले होते, म्हणजे पाहुणे यजमानांपेक्षा जास्त होते.

त्या काळच्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्मनिष्ठ इंग्रज ख्रिस्ती, माणसाला या जेवणाला उपकारस्तुती, म्हणजे ‘थँक्सगिव्हिंग’, म्हणा असे सांगितले असते, तर ते त्याला पटले नसते. त्याच्या धर्मजीवनात नेमून दिलेले दोन प्रकारचे दिवस असत. संकटात उपवासाचा दिवस, सुटका झाली की उपकारस्तुतीचा दिवस. दोन्ही प्रार्थनेचे. प्लिमथमध्ये, म्हणजे पटक्सेटच्या जागेवरच्या त्या इंग्रज वस्तीत, 1623 च्या उन्हाळ्यात मे महिन्यापासून पाऊस नव्हता, मका वाळू लागला होता. लोकांनी एक दिवस उपवास करून प्रार्थना केली. पाऊस आला, मुसळधार कोसळला नाही, संथपणे मुरला, आणि पीक वाचले. मग उपकारस्तुतीचा दिवस पाळला गेला. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. वर्गात सांगायला मला मेजवानीपेक्षा हीच जास्त आवडते, कारण हिच्यात आभारांच्या आधी पोटातली भीती आहे.

मक्याचे पाच दाणे याच टंचाईच्या आठवणीतून आले. एका वेळी माणशी पाचच दाणे वाट्याला येत, असे सांगतात. त्या काळच्या नोंदींत याला आधार नाही. ही आख्यायिका एकोणिसाव्या शतकात रुजली. पण दाणा हातात धरून आठवण करायची ही रीत मुलांना लवकर कळते. आख्यायिका आहे असे सांगून ती करावी.

1621 च्या मेजवानीला ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ हे नाव मिळाले ते तब्बल 220 वर्षांनी. 1841 मध्ये अलेक्झांडर यंग यांनी विन्स्लोचे पत्र छापताना तळटीपेत तसे लिहिले, आणि ती तळटीप पुढे पाठ्यपुस्तक झाली. तोवर न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या आसपासच्या ईशान्य अमेरिकेत, हा सण घरोघरी रुळला होता. दरवर्षी गव्हर्नर तारीख जाहीर करायचे, सकाळी चर्च, दुपारी घरी जेवण. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 26 नोव्हेंबर 1789 हा दिवस देशभर नेमला होता, पण दर वर्षाचा नेम झाला नव्हता.

तो झाला एका बाईच्या चिकाटीने. सारा जोसेफा हेल लहानपणीच्या त्या मेंढीच्या कोकराच्या इंग्रजी कवितेमुळे आपल्या इंग्रजी शाळांतल्या मुलांनाही नकळत ठाऊक असतात. ती त्यांनी 1830 मध्ये छापली. पाच मुलांची आई, पती लवकर वारलेले, पोटासाठी लेखणी धरलेली. 1827 च्या आपल्या कादंबरीत त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचे भरगच्च वर्णन केले, टेबलाच्या शिरोभागी भाजलेली टर्की ठेवून. पुढे एका मोठ्या स्त्रीमासिकाच्या संपादक म्हणून त्या वर्षानुवर्षे गव्हर्नरांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रे लिहीत राहिल्या. 28 सप्टेंबर 1863 ला त्यांनी अब्राहम लिंकन यांना लिहिले आणि 3 ऑक्टोबरला घोषणा निघाली: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. यादवी युद्ध पेटलेले होते, गेटिसबर्गच्या लढाईला तीन महिने झाले होते. त्या घोषणेत आभारांच्या जोडीला विधवा, अनाथ आणि शोक करणारे यांची आठवण ठेवण्याची विनंती आहे. वर्गातल्या चित्रांत हे लोक कुठेच नसतात. आजचा चौथा गुरुवार 1941 च्या कायद्याने ठरला.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सण राष्ट्राचा झाला होता, संडे स्कूलला वर्षभराच्या पाठांत सण हवे होते आणि जर्मनीतल्या फ्रोबेल यांचा बालवाडीचा विचार अमेरिकेत पसरत होता. मूल हाताने शिकते, त्याला कागद दुमडू द्या, कापू द्या, विणू द्या. आधी फक्त वचने पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांच्या हातात आता कात्री आणि डिंक आला. बायबलचे पाठ तर तयारच होते: लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी, शंभरावे स्तोत्र, ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकातली प्रथमफळांची टोपली. त्या दहांपैकी एकच आभार मानायला परत आला, आणि तो शोमरोनी होता, म्हणजे परका. “नऊ जण कोठे आहेत?” हा येशूचा प्रश्न ऐकला की मुले अजूनही गप्प होतात.

याच काळात युरोपातून लाखो लोक अमेरिकेत येत होते. त्यांच्या मुलांना अमेरिकन करण्यासाठी शाळांनी पिल्ग्रिमांची, म्हणजे मेफ्लॉवरमधून आलेल्या त्या लोकांची, गोष्ट उचलली. काळी टोपी, कागदी पिसांचा मुकुट, दोघे एका टेबलाशी. नाटकुली बसवली गेली, आणि तीच संडे स्कूलमध्येही आली. पिसांचे ते मोठे मुकुट पश्चिमेकडच्या मैदानी जमातींचे, वाम्पानोआगांचे नव्हेत. पण त्याहून मोठी चूक गोष्ट टेबलापाशी थांबवण्याची होती. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम याने 1675 मध्ये इंग्रजांविरुद्ध युद्ध केले. पुढच्या वर्षी तो मारला गेला आणि त्याचे डोके प्लिमथमध्ये खांबावर अनेक वर्षे लावलेले होते. मेजवानीपासून हे अंतर फक्त 55 वर्षांचे आहे.

1970 मध्ये मेफ्लॉवरच्या 350 व्या वर्षाच्या समारंभात वाम्पानोआग समाजाचे फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावले होते. त्यांचा मजकूर आधी मागवला गेला आणि वाचल्यावर ते भाषण होऊ दिले नाही. त्या थँक्सगिव्हिंगला ते आणि त्यांचे सोबती प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ जमले आणि त्यांनी तो शोकाचा दिवस म्हणून पाळला. तेव्हापासून दरवर्षी तो पाळला जातो. याचा परिणाम वर्गापर्यंत आला. आज अनेक शिक्षक पिसांचे मुकुट करत नाहीत. मला हे योग्य वाटते. आभारांच्या पाठात कोणाचा तरी अपमान शिकवला जाऊ नये.

आता आपल्या बाजूचे. मुंबईत 1813 च्या फेब्रुवारीत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे न्यू इंग्लंडचेच, थँक्सगिव्हिंगच्या माहेरचे. त्यांनी सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, शाळा काढल्या, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक आणि 1873 मध्ये मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक सुरू केले. तरीही आपल्या मंडळ्यांत नोव्हेंबरचा गुरुवार रुजला नाही. इथे आला तो हंगामाचा सण. इंग्लंडमध्ये चर्चमधल्या हंगामाच्या सणाची आजची रीत 1843 मध्ये कॉर्नवॉलच्या मॉर्वेन्स्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी घातली असे मानतात. आपल्याकडे त्या दिवशी लोक ज्वारीची कणसे, भोपळे, कांदे, अंडी, कोंबडी घेऊन येतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि दोन अंड्यांवरही चढाओढीने बोली लागते.

किनाऱ्यावर याहून जुनी परंपरा आहे. मुंबई-वसईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा पाळतात, नव्या भाताची कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. गोव्यात राय गावी 5 ऑगस्टला कोणसाचें फेस्त होते, कोणस म्हणजे कणीसच. शेतकऱ्याच्या मुलाला तिथे कागदाचे पीक कापावे लागत नाही. आपल्या मुलांसाठी मी तरी टर्कीच्या आधी कणीस हातात देईन.

अमेरिका आणि आपण यांना जोडणारा एक मक्याचा धागाही आहे. 1900 च्या भीषण दुष्काळात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचे जहाज तिथल्या लोकांनी दिलेला मका घेऊन मुंबईला आले होते. हे पीक अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे वाढवलेले.

म्हणून पाच दाण्यांचा उपक्रम मी करते तेव्हा एक दाणा टिस्क्वाँटमसाठी ठेवते. तो पटक्सेटचा. 1614 मध्ये थॉमस हंट या इंग्रज कप्तानाने त्याला फसवून जहाजावर चढवले आणि स्पेनमधल्या मालागाला विकायला नेले. तिथून तो इंग्लंडला पोचला, भाषा शिकला, आणि 1619 मध्ये गावी परतला, तर गाव संपलेले होते. आई-बाप, शेजारी, कोणी नाही. दोन वर्षांनी त्याच जागेवर उपाशी इंग्रज बसलेले होते. मका कधी पेरायचा, मासे खत म्हणून कसे घालायचे, मासे कुठे मिळतात, हे त्याने त्यांना दाखवले.

हे सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, “टीचर, मग त्याला थँक्यू कोणी म्हटलं?” गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी त्याच्याबद्दल लिहून ठेवले आहे की, आमच्या अपेक्षेपलीकडे आमच्या भल्यासाठी देवाने पाठवलेला तो माणूस होता. 1622 मध्ये धान्य मिळवायला इंग्रजांबरोबर गेला असताना तो तापाने मेला. मरताना त्याने ब्रॅडफर्ड यांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगितले आणि जवळच्या वस्तू इंग्रज मित्रांना प्रेमाची आठवण म्हणून वाटून दिल्या.