तार (भारतातील तारसेवा)

विजेच्या सांकेतिक खुणांनी मजकूर दूरवर धाडून तो कागदावर घरपोच देणारी सरकारी सेवा. भारतात ती दीडशे वर्षांहून अधिक काळ चालली. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये तिचे प्रयोग केले. १८५० मध्ये कलकत्ता–डायमंड हार्बर मार्गाचे काम सुरू झाले आणि १८५५ मध्ये सेवा सामान्य लोकांना खुली झाली. सरकारचा मूळ हेतू मात्र राज्यकारभाराचाच होता. ११ मे १८५७ रोजी दिल्लीतल्या उठावाची खबर अंबाल्याला तारेनेच पोचली. १८७० मध्ये समुद्राखालच्या केबलने मुंबई थेट लंडनशी जोडली गेली आणि कापसाचे विलायती भाव, जे बोटीने यायला आठवडे लागत, ते काही तासांत कळू लागले.

तारमास्तर मोर्सची (लांब-आखूड ठोक्यांच्या सांकेतिक लिपीची) कळ दाबी आणि पलीकडचा मास्तर ‘कट्ट-कडकट्ट’ ऐकून अक्षरे उतरवून घेई. पुढे टेलिप्रिंटर आल्यावर छापील पट्ट्या फॉर्मवर चिकटवून देऊ लागले.

शुल्क शब्दागणिक असल्याने पत्रातली ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ ही सगळी सरबराई तारेतून गळाली. उरले ते ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’. व्यापारी पेढ्या एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून घेत आणि तो बिलावर छापत. सणासुदीच्या व लग्नाच्या शुभेच्छांना तर ठरावीक क्रमांक होते. क्रमांक लिहिला की अख्खे वाक्य पोचे.

देवनागरीतून तार करण्याची सोय स्वातंत्र्यानंतर झाली, तरी बहुतेक तारा इंग्रजीतच जात. खेड्यात ती वाचायला शाळामास्तरांकडे धाव घ्यावी लागे. गिरणगावातून कोकणात तार गेली की मजकूर कळण्याआधीच घरात रडारड सुरू होई. नोकरीच्या, बारशाच्या तारा येतच. पण तार म्हणजे अशुभ, हा धसका काही गेला नाही. त्याला कारण सोपे होते: आनंदाच्या बातमीला पोस्टकार्ड चाले.

एसटीडी बूथ, मग मोबाइल आणि एसएमएस यांनी तारेचे काम संपवले. फौजी रजा वाढवून मागायला आणि वकील पुराव्यासाठी ती शेवटपर्यंत वापरत. १५ जुलै २०१३ पासून बीएसएनएलने सेवा बंद केली. १८८५ चा तार कायदा मात्र त्यानंतरही दशकभर लागू होता. फोन टॅपिंगची परवानगी त्याच्याच आधारे दिली जाई. त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला.